फ्यूज किती अँपिअरचा? आधी पॅनेलची पाठ वाचा

सोलरच्या फ्यूजबद्दल इतकी पत्रं साठली आहेत की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच समजूत दिसली: स्ट्रिंगमधला (म्हणजे सिरीजमध्ये एकामागोमाग जोडलेल्या पॅनेलच्या माळेतला) फ्यूज त्या स्ट्रिंगच्या स्वतःच्या करंटपासून संरक्षण देतो. तसं नाही. पहिलं उत्तर त्यामुळेच लांबलं आहे, पण ते नीट वाचलं तर पुढची सोपी जातील.

प्रश्न : ताई, आमच्या छतावर सोलरच्या तीन स्ट्रिंग आहेत, प्रत्येकीत १२ पॅनेल. तिन्ही कम्बायनर बॉक्समध्ये समांतर जोडून इन्व्हर्टरच्या एकाच इनपुटला नेल्या आहेत. बसवणारा म्हणतो, ३२ अँपिअरचे फ्यूज घाला म्हणजे पुन्हा कटकट नको. माझे मेहुणे इलेक्ट्रिशियन आहेत, ते म्हणतात, करंट तेराच अँपिअर आहे, १५ चा पुरे. पॅनेलच्या लेबलवर शॉर्ट सर्किट करंट १३.९ अँपिअर, ओपन सर्किट व्होल्टेज ४९.८ आणि 'मॅक्झिमम सिरीज फ्यूज रेटिंग २५ अँपिअर' असं आहे. कोणाचं ऐकू?

उत्तर : लेबलचं ऐका. तुमच्या तिन्ही स्ट्रिंगना २५ अँपिअरचा फ्यूज लागेल, ३२ चा नको आणि १५ चाही नको.

मेहुण्यांचा हिशेब घरातल्या वायरिंगचा आहे. तिथे शॉर्ट झाला की शेकडो अँपिअर वाहतात आणि फ्यूज क्षणात जातो. पॅनेलचा स्वभाव वेगळा. त्याच्या दोन वायरी एकमेकींना थेट जोडल्या तरी त्यातून १३.९ अँपिअरच निघणार, आणि रोजच्या कामात १३.१ च्या आसपास निघतच असतात. एवढ्याशा फरकावर कुठलाही फ्यूज उडत नाही. म्हणजे स्ट्रिंगचा स्वतःचा शॉर्ट तिच्या फ्यूजला कळतच नाही, आणि तो कळावा म्हणून फ्यूज घातलेलाही नसतो.

फ्यूज असतो शेजारच्या स्ट्रिंगमधून उलट्या दिशेने येणाऱ्या करंटसाठी. समजा, एका स्ट्रिंगच्या केबलचं आवरण दोन ठिकाणी फ्रेमच्या कडेला घासून सोलवटलं, तांबं फ्रेमला टेकलं आणि मधली सहा पॅनेल शॉर्ट झाली. बारा पॅनेलची स्ट्रिंग उन्हात ५०० व्होल्टच्या आसपास काम करते. या बिघडलेल्या स्ट्रिंगमध्ये मात्र सहाच पॅनेल उरली, म्हणजे जेमतेम ३०० व्होल्ट. उरलेल्या दोन्ही स्ट्रिंग ५०० वर उभ्या आहेत. त्या आपला करंट इन्व्हर्टरकडे पाठवायचा सोडून या कमकुवत स्ट्रिंगमध्ये ढकलू लागतात. करंट पॅनेलच्या सेलमधून उलटा वाहतो आणि सगळी ऊर्जा तिथेच उष्णता होऊन बसते. पॅनेलमधला बायपास डायोड इथे उपयोगाचा नाही, त्याचं काम सावलीतल्या सेलना वळसा देण्याचं आहे. इन्व्हर्टर बंद केला तरी हे थांबत नाही, कारण तिन्ही स्ट्रिंग बॉक्समध्येच एकमेकींना जोडलेल्या आहेत.

उलटा करंट किती येईल? बिघडलेली सोडून बाकीच्या स्ट्रिंग गुणिले शॉर्ट सर्किट करंट. तुमच्याकडे २ × १३.९ म्हणजे २७.८ अँपिअर. पण लेबलवरचा आकडा दर चौरस मीटरला १००० वॉट ऊन धरून काढलेला असतो, आणि पांढऱ्या ढगांच्या कडेवरून परावर्तित प्रकाश मिळाला की प्रत्यक्षातलं ऊन त्याच्या वर जातं. म्हणून १.२५ ने गुणायचं : ३४.७५ अँपिअर. गुणण्याआधीचे २७.८ सुद्धा लेबलवरच्या २५ पेक्षा जास्तच आहेत. म्हणून फ्यूज हवाच.

आता आकडा ठरवू. त्याला खालून एक मर्यादा आहे आणि वरून एक. खालची यासाठी, की भर उन्हात सगळं ठीक असताना फ्यूज उगीच जाऊ नये. 'आयईसी ६२५४८' या मानकात ती शॉर्ट सर्किट करंटच्या १.५ पट आहे. अमेरिकी नियमात १.२५ ला पुन्हा १.२५ ने गुणून १.५६ पट धरतात. मी १.५६ धरते, कारण फ्यूज वर्षानुवर्षं छतावरच्या तापलेल्या डब्यात बसणार आहे. १३.९ × १.५६ = २१.७. वरची मर्यादा म्हणजे लेबलवरचे २५, ते कधीही ओलांडायचे नाहीत. आयईसीची वरची आणखी एक मर्यादा २.४ पटीची आहे, ती इथे ३३ वर जाते, पण दोन्हींत जी लहान ती पाळायची. २१.७ आणि २५ यांच्या मध्ये बाजारात मिळणारं माप २५ चंच. १५ चा फ्यूज एखाद्या कडक दुपारी जाईल, २० चासुद्धा हळूहळू थकेल. ३२ चा कधीच कटकट करणार नाही हे बसवणाऱ्याचं म्हणणं खरं आहे, आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे : पॅनेल जळत असतानाही तो तसाच शांत बसेल.

लेबलवरचा हा आकडा येतो कुठून, हे कळलं की त्याच्याशी तडजोड करावीशी वाटत नाही. 'आयईसी ६१७३०' मध्ये पॅनेलची उलट्या करंटची चाचणी आहे. पॅनेल लाकडी फळीवर टिश्यू पेपर घालून त्यावर पालथं ठेवतात, पाठीवर विरळ सुती कापड पसरतात आणि लेबलवरच्या फ्यूजच्या १३५ टक्के करंट त्यातून दोन तास उलटा वाहू देतात. तुमच्या पॅनेलसाठी हे होतात ३३.७५ अँपिअर. कागद किंवा कापड काळं पडलं, पेटलं, तर पॅनेल नापास. करंट फ्यूजच्या मापापेक्षा जास्त का? कारण सोलरसाठीचा फ्यूजसुद्धा आपल्या मापाच्या १.१३ पटीपर्यंत तासभर टिकलाच पाहिजे आणि १.४५ पटीला तासाच्या आत गेलाच पाहिजे, असा त्याचा नियम आहे. मधल्या पट्ट्यात तो कधी जाईल याची हमी नाही. २५ च्या फ्यूजमधून २७.८ अँपिअर वाहत राहिले तर तो कदाचित जाणारही नाही. तेवढा वेळ पॅनेलनेच तग धरायचा असतो, आणि चाचणी त्याचीच घेतलेली असते. त्याच जागी ३२ चा फ्यूज बसवला तर त्यातून ३६ अँपिअर तासभर वाहू शकतात. तेवढ्याला तुमचं पॅनेल तपासलेलंच नाही.

फ्यूज घेताना त्यावर 'जीपीव्ही' (gPV) ही अक्षरं आहेत ना, पाहा. ती सोलरसाठीच्या 'आयईसी ६०२६९-६' मानकाची खूण आहे. व्होल्टेज १००० डीसीचं घ्या. ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काहीही न जोडता पॅनेलवर दिसणारं व्होल्टेज, धरलं तर १२ × ४९.८ म्हणजे जवळपास ५९८ व्होल्ट होतात, आणि थंडीत पॅनेलचं व्होल्टेज वाढतं : दर अंशाला साधारण ०.२७ टक्के, म्हणजे शून्य अंशाच्या सकाळी ६३८ व्होल्ट. ६०० व्होल्टचा फ्यूज तिथे कमी पडेल. केबल ४ चौरस मिलिमीटरची सोलर केबल असेल तर काळजी नको. दोन केबल एकमेकींना चिकटून गेल्या तरी ती ४४ अँपिअर सोसते, २५ च्या फ्यूजला ती पुरून उरते. पाइपमधून नेली असेल तर तेवढी क्षमता कमी धरा.

प्रश्न : आमच्याकडे दोनच स्ट्रिंग समांतर आहेत, तरी कोटेशनमध्ये फ्यूज आणि होल्डर लावले आहेत. गरज आहे का?

उत्तर : बहुतेक नाही. दोन स्ट्रिंगमध्ये एक बिघडली तर तिच्यात दुसऱ्या एकीचाच करंट येणार. तिचा शॉर्ट सर्किट करंट गुणिले १.२५ हा आकडा लेबलवरच्या फ्यूज रेटिंगपेक्षा कमी असेल, आणि तो सहसा असतोच, तर फ्यूज नसला तरी चालतं. नसलेला बराच, कारण प्रत्येक होल्डर म्हणजे सैल होऊ शकणारा आणखी एक जोड. इन्व्हर्टरला दोन स्वतंत्र एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारे इनपुट) असतील आणि एकेक स्ट्रिंग वेगळ्या एमपीपीटीला जात असेल, तर त्या समांतर नाहीतच. मात्र काही इन्व्हर्टरना एका एमपीपीटीसाठी दोन जोड्या सॉकेट असतात. ती बाहेरून वेगळी दिसली तरी आत एकच असतात. मॅन्युअलमधली आकृती पाहून खात्री करा.

प्रश्न : मी एका लहान गाडीवर १२ व्होल्टची चार पॅनेल समांतर बसवली आहेत, प्रत्येकी १०० वॉट. शॉर्ट सर्किट करंट ६.१, लेबलवर फ्यूज १५. पॅनेलमध्ये बायपास डायोड आहेतच, मग फ्यूज कशाला? आणि एकावर सावली आली की बाकीची तीन त्याच्यात करंट ढकलतील का?

उत्तर : तुमच्याकडे प्रत्येक पॅनेल ही एकेक स्ट्रिंगच आहे. चारातलं एक बिघडलं तर तीन उरतात : ३ × ६.१ = १८.३, १५ पेक्षा जास्त. तेव्हा फ्यूज हवेत, चारही पॅनेलच्या प्लस वायरवर, वायकनेक्टरच्या (वायरी एकत्र आणणाऱ्या जोडाच्या) आधी. वायच्या पुढे एकच फ्यूज लावलात तर तो चौघांना मिळून होईल आणि पॅनेलचं पॅनेलपासून संरक्षण त्यात होणार नाही. आलेल्या फोटोंमध्ये ही चूक मला सतत दिसते.

माप काढू. ६.१ × १.५६ = ९.५, म्हणून १० अँपिअर. लेबलवर १५ आहे म्हणून १५ घालायचा मोह होईल, पण लेबलवरचा आकडा कमाल आहे, शिफारस नव्हे. शॉर्ट सर्किट करंटची २.४ पट इथे १४.६ होते, १५ तिच्याही बाहेर जातो.

बायपास डायोड पॅनेलमधल्या सावलीतल्या सेलना वळसा घालून करंट पुढे नेतो. बाहेरून उलटा येणारा करंट तो अडवत नाही. अडवणारा ब्लॉकिंग डायोड वेगळा असतो. पण त्यात काही दशांश ते एक व्होल्ट खर्च होतो, तो तापतो, आणि बिघडतो तेव्हा अनेकदा शॉर्ट होऊनच बिघडतो. फ्यूजच्या बदल्यात मी तो धरत नाही.

सावलीची भीती मनातून काढा. सावलीने पॅनेलचा करंट घटतो, व्होल्टेज फारसं उतरत नाही. कमी उजेडातलं पॅनेलसुद्धा आपलं बरंचसं व्होल्टेज राखून असतं, त्यामुळे बाकीची तीन त्याच्यात लक्षात येण्याइतकं काही ढकलत नाहीत. उलट्या करंटला सेल, डायोड किंवा केबलचा खराखुरा बिघाड लागतो, नाहीतर जोडणीतली चूक.

गाडीचे पात्यांचे फ्यूज बहुधा ३२ व्होल्टचे असतात. तुमच्या २२ व्होल्टच्या पॅनेलना चालतील, पण उद्या दोन-दोन सिरीजमध्ये केलीत तर ४४ व्होल्ट होतील आणि चालणार नाहीत. पॅनेलच्या कनेक्टरमध्ये बसणारे, पाणी न शिरणारे इनलाइन फ्यूज घ्या. चार्ज कंट्रोलर आणि बॅटरी यांच्या मधला फ्यूज हा यातला पाचवा समजू नका, त्याचा हिशेबच निराळा. बॅटरी शॉर्टमध्ये हजारो अँपिअर देऊ शकते. म्हणून तो बॅटरीला लागून आणि मोठा करंट तोडायची क्षमता असलेला हवा, आणि त्याचं माप कंट्रोलरचा आउटपुट आणि केबल पाहून ठरतं.

प्रश्न : चार स्ट्रिंगपैकी दुसऱ्या स्ट्रिंगचा फ्यूज उन्हाळ्यात दर थोड्या दिवसांनी जातो. शॉर्ट सर्किट करंट ९.२, लेबलवर २०, फ्यूज १२ चे आहेत. कंटाळून त्या एका जागी ३० चा घातला, तेव्हापासून शांतता आहे. चालेल ना?

उत्तर : नाही. तो ३० चा आज काढा. लेबलवर २० आहे आणि उरलेल्या तीन स्ट्रिंग मिळून २७.६ अँपिअर उलटे देऊ शकतात, कडक उन्हात ३४.५. एवढ्याला ३० चा फ्यूज जाईलच याची हमी नाही, आणि पॅनेल तपासलंय २७ अँपिअरपर्यंत. काढताना मात्र आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (डीसी वीज तोडणारा स्विच) बंद, मग डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने चारही स्ट्रिंगमध्ये करंट शून्य आहे हे पाहणं, आणि त्यानंतरच होल्डर उघडणं. आयसोलेटर बंद असूनही एखाद्या स्ट्रिंगमध्ये करंट दिसला तर होल्डरला हात लावू नका. तो उलटा करंट आहे, म्हणजे बिघाड चालू आहे. अशा वेळी माहीतगार माणसाला बोलवा. करंट वाहत असताना होल्डर खेचला तर आत डीसीची ठिणगी पेटते आणि ती विझत नाही.

दोन गोष्टी आहेत. पहिली, १२ हे माप मुळातच अपुरं आहे. ९.२ × १.५६ = १४.४, म्हणजे १५ चा हवा होता. फ्यूजचं माप २५ अंश तापमानाला ठरवलेलं असतं. उन्हातला बंद डबा आतून ६० अंशांवर सहज जातो, आणि तिथे फ्यूजची क्षमता घटते. किती ते फ्यूजच्या डेटाशीटमधल्या आलेखात असतं. समजा, ०.८५ पट निघाली, तर १२ चा फ्यूज १०.२ चा झाला, आणि ढगांच्या कडेचं ऊन आलं की स्ट्रिंग ११.५ देते. १५ चा घातलात तर १२.७५ उरतात, तो टिकेल.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. चारही फ्यूज १२ चे आहेत, मग दुसराच का जातो? तुम्ही पाठवलेल्या फोटोतच उत्तर दिसतं. दुसऱ्या होल्डरची वरची कड पांढरी राहिलेली नाही, पिवळट तपकिरी झाली आहे, आणि स्क्रूखालच्या केबलचं लाल आवरण दोन-तीन मिलिमीटर मागे आकसून तांबं उघडं पडलं आहे. ही उष्णता फ्यूजच्या आतली नाही, जोडातली आहे. स्क्रू सैल असणार, किंवा केबलच्या तारा फेरूल (टोकावर दाबायची धातूची नळी) न लावता तशाच दाबल्या असणार. सैल जोड तापतो, शेजारचा फ्यूज तापवतो आणि फ्यूज आपल्या मापाच्या आतच जातो. होल्डर बदला, कारण त्याच्या चिमट्याचा ताण एव्हाना गेलेला असेल. केबलचं टोक कापून नवीन फेरूल लावा आणि स्क्रू होल्डरवर लिहिलेल्या टॉर्कला आवळा. त्यानंतरही तोच फ्यूज गेला तर त्या स्ट्रिंगचं ओपन सर्किट व्होल्टेज बाकीच्यांशी ताडून पाहा. ते कमी असेल तर बिघाड पॅनेलमध्ये आहे, आणि फ्यूज आपलं काम करतो आहे.

प्रश्न : घरातला जास्तीचा १६ अँपिअरचा एमसीबी फ्यूजच्या जागी वापरला तर? निदान चालू-बंद तरी करता येईल.

उत्तर : नको. तो एसीचा आहे. एसी करंट दर सेकंदाला शंभरेक वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी आपोआप विझायला मदत होते. डीसी शून्यावर येतच नाही. डीसीचे एमसीबी मिळतात, पण त्यांतले काही एकाच दिशेचे असतात, त्यांवर प्लस-मायनसच्या खुणा असतात. बिघाडात करंट उलटा वाहतो, आणि नेमक्या त्याच वेळी असा एमसीबी ठिणगी विझवू शकत नाही, उलट स्वतःच पेटू शकतो. चालू-बंद करायला डीसी आयसोलेटर घ्या, संरक्षणाला जीपीव्ही फ्यूज.

प्रश्न : जुन्या तीन स्ट्रिंग आहेत (९.२ अँपिअर, लेबलवर १५, फ्यूज १५). त्यांच्यासोबत नव्या पॅनेलची चौथी स्ट्रिंग जोडायची आहे (१३.९ अँपिअर, लेबलवर २५). नवी पॅनेल दोन्ही बाजूंनी प्रकाश घेणारी आहेत. सगळीकडे १५ चे फ्यूज घालू की २५ चे?

उत्तर : सगळीकडे एकच घालायचं बंधन नाही. फ्यूज ज्या स्ट्रिंगमध्ये बसतो, तिच्या लेबलवरून ठरतो. जुन्या तिघींना १५ चेच राहतील. चौथीला तिचा स्वतःचा. पण दोन्ही बाजूंनी प्रकाश घेणाऱ्या पॅनेलमध्ये पाठीकडूनही करंट येतो. खाली पांढरा, उजळ पृष्ठभाग असेल तर त्याचा हिशेब आधी करा. डेटाशीटमध्ये मागच्या बाजूच्या उजेडासह शॉर्ट सर्किट करंट दिलेला असतो, तो घ्या. तो १५.३ निघाला तर १.५६ पट म्हणजे २३.९, अजून २५ मध्ये बसतो. १६ च्या वर निघाला तर खालची मर्यादा लेबलच्या वर जाईल आणि समांतर जोडणीसाठी योग्य फ्यूजच उरणार नाही.

फ्यूज जमला तरी मला ही जोडणी पटत नाही. जुनी आणि नवी पॅनेल यांची व्होल्टेज क्वचितच जुळतात, आणि समांतर स्ट्रिंगची व्होल्टेज जुळलीच पाहिजेत. दोन-चार टक्क्यांचा फरक चालतो. एका पॅनेलइतका फरक पडला की एमपीपीटी दोघींपैकी कोणालाच धड न्याय देत नाही, रोजचं उत्पादन घटतं. तुमच्या इन्व्हर्टरचा दुसरा एमपीपीटी रिकामा आहे असं पत्रात शेवटी लिहिलं आहे. चौथी स्ट्रिंग एकटीच तिकडे न्या. समांतर कोणी नसल्यामुळे तिला स्ट्रिंग फ्यूज लागणार नाही. जोडण्याआधी एवढंच तपासा की त्या इनपुटचा कमाल शॉर्ट सर्किट करंट, पाठीच्या उजेडासह आणि १.२५ ने गुणून आलेल्या आकड्यापेक्षा जास्त आहे.